मुठी ठेवून गेलेला चोर

१

"मित्रांनो, या कपाटातून टाचणी हलली तरी मला झोपेत कळतं," हेमंत फोनच्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला. "काच जाड. कुलूप जर्मन. उन्हाने रंग उडू नये म्हणून आतून पडदा. आणि चावी कुठे असते ते फक्त मला आणि देवाला माहीत."

यातलं देवाचं खरं होतं. चावी देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे असायची. त्या देव्हाऱ्यातले देव त्याची आई, मीना, रोज सकाळी घासून पुसून ठेवते, ही गोष्ट हेमंतच्या सुरक्षा व्यवस्थेत कुठे बसत नव्हती. म्हणून त्याने ती धरलीच नव्हती.

शनिवारची सकाळ होती. पालेगावातल्या नव्या टॉवरमधून हेमंत लाइव्ह होता. समोर त्याचा ग्रुप. जपानी ॲनिमेमधल्या योद्ध्यांच्या, सगळे सांधे वळणाऱ्या मूर्ती गोळा करणाऱ्यांचा. त्यांना 'फिगर' म्हणायचं. 'बाहुली' म्हणणाऱ्याला ग्रुपमधून काढतात.

"तर बघा, आपला झेनमारू!" म्हणत त्याने पडदा सरकवला.

स्टँड होता. झेनमारू नव्हता.

"भावा, कुठाय?" बदलापूरच्या अनीशने लगेच विचारलं.

हेमंतला एकच सुचलं. नेट अडकल्यासारखं तोंड उघडं ठेवून तो तसाच थिजला. अभिनय चांगला होता. पण मागे पंखा फिरत होता आणि मीना झाडू घेऊन फ्रेममधून गेली. परतही आली.

"काकू हलतायत रे," अनीशने लिहिलं.

हेमंतने फोन बंद केला आणि फरशीवर बसला. झेनमारू म्हणजे निळ्या केसांचा, कपाळावर कोल्ह्याचा मुखवटा चढवलेला, वीतभर उंचीचा तलवारबाज. असे भारतात फार थोडे असतील. पण हेमंतचा खरा लोचा वेगळा होता. झेनमारू त्याचा नव्हताच. तो हर्षदाचा होता.

हर्षदा बदलापूरची, याच ग्रुपमध्ये भेटलेली. हेमंतने लग्नाचं विचारल्यावर तिने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. झेनमारू त्याच्या हातात ठेवला. "दिवाळी संपेपर्यंत सांभाळ," म्हणाली. "आमच्याकडे मुलगा असाच बघतात."

फोन वाजला. तिचाच.

"ऑफिसात होते, लाइव्ह बघता नाही आलं. झेनमारू कसाय?"

"मजेत."

"उद्या येतो आम्ही. आई-बाबा पण. आधी त्याला बघेन, मग तुला उत्तर देईन. चालेल?"

"पळेल," हेमंत म्हणाला.

२

दिनानाथमामा शेजारच्या बी विंगमधून आला तो हातमोजे घालूनच. पिवळे, भांडी घासायचे. मामा एका केमिकल कंपनीतून सिक्युरिटी ऑफिसर म्हणून रिटायर झाला होता. त्याच्या काळात गेटमधून एक स्क्रू बाहेर गेला नाही, असं तो सांगायचा. एकदा आख्खा जनरेटर गेला होता. पण तो गेटपास दाखवून गेला, त्यामुळे मामा तो मोजत नसे.

"कशाला हात लावू नका," मामा म्हणाला आणि स्वतः सगळ्याला हात लावला.

"मामा, तुझ्या कोपराला पेपर चिकटलाय."

"राशिभविष्य आहे. तुझ्या मामीने हॉलभर पेपर पसरलेत. दोन दिवस मला बेडरूममध्येच चहा येतोय. विषय बदलू नकोस. कुलूप फोडलेलं नाही. आत काय काय राहिलंय?"

स्टँड राहिला होता. खोका राहिला होता. तलवार होती. आणि तलवारीशेजारी, जेवायला पंगतीत बसल्यासारख्या नीट, दोन बारक्या मुठी.

मामा दचकला. "हे काय? तोडले हात?"

"नाही रे. त्याचे पंजे बदलता येतात. वळलेल्या मुठी वेगळ्या आणि वस्तू धरायचे पंजे वेगळे. मी त्याला मुठी लावून ठेवला होता."

"मग धरायचे पंजे कुठायत?"

हेमंतने खोक्यात बघितलं. "नाहीत."

"हं. चोर आला, त्याने हात बदलले आणि मग नेलं. हे हात बदलणं येतं कोणाला?"

हेमंत ओशाळला. "दिवाळीच्या फराळाला जे जे आले, त्या सगळ्यांना दाखवलंय मी. नीट, दोनदोनदा. तू झोपला होतास."

तेवढ्यात मामाला फळीवर एक सोनेरी चमकी दिसली. त्याने ती बोटावर घेतली.

"मामा, तशीच एक तुझ्या मिशीत पण आहे."

"इथूनच उडाली असणार. पुरावा उडतो कधी कधी."

मग जबान्या. हेमंतने झेनमारूला शेवटचं गुरुवारी सकाळी बघितलं होतं आणि त्यानंतर घर रिकामं होतं ते फक्त त्या दुपारी. मीना स्वयंपाकघरात वालाच्या डाळिंब्या सोलत बसली होती.

"मीना, गुरुवारी दुपारी कुठे होतीस?"

"तुझ्याच घरी होते की रे दादा. सुनंदावहिनीकडे."

"साक्षीदार?"

"तुझी बायको."

"मग प्रश्न मिटला. सुनंदा खोटं बोलत नाही."

"आई, तुला काहीच कसं वाटत नाही गं?" हेमंत रडकुंडीला आला. "उद्या हर्षदा येतेय! माझं लग्न मोडतंय आणि तू वाल सोलतेस!"

"अरे सापडेल. एवढं काय, त्याची तलवार राहिलीय ना?"

मामा दारातून बाहेर पडत होता. तिथेच थांबला.

"मीना," तो सावकाश म्हणाला, "तलवार राहिलीय हे तुला कोणी सांगितलं?"

३

"हा केवढ्याने ओरडला मगाशी," मीनाने वाल सोलणं न थांबवता सांगितलं. "खालच्या मजल्याला पण कळलं असेल."

मामाचं समाधान झालं. त्याचं समाधान लवकर व्हायचं. जनरेटर तसाच गेला होता.

"आता अनीश," स्कूटरला किक मारत तो म्हणाला. "फिगर नाहीये हे सगळ्यात आधी कोणाला दिसलं? त्याला. माणसाला जे हवं असतं तेच आधी दिसतं."

"बुधवारी तो घरी पण आला होता," हेमंत मागे बसत म्हणाला. "झेनमारूसोबत सेल्फी काढून गेला."

बदलापूरला अनीशने दार उघडलं आणि दोघांना बघून अर्धं लावलं. मामाने त्यात चप्पल घातली.

"आपली मैत्री आहे, हेमंत," अनीश म्हणाला. "घरात बघायचं तर बघ. फक्त बेडरूममध्ये पसारा आहे, तिकडे नको."

मामा सरळ बेडरूममध्ये गेला. टेबलावर काहीतरी उभं होतं. वीतभर उंच. त्यावर टॉवेल.

"काका, प्लीज!" अनीश आडवा आला. "त्याला ऊन लागतं!"

मामाने टॉवेल ओढला. खाली निळे केस होते.

४

केस निळे होते, बाकी आनंद होता. एक डोळा कपाळावर, दुसरा गालावर. कोल्ह्याचा मुखवटा शेळीसारखा दिसत होता आणि दोन्ही हात डावे होते.

"डुप्लिकेट आहे," अनीश पलंगावर बसला. "कॅम्प दोनच्या बाजारातून घेतलाय. ग्रुपवर माझा म्हणून फोटो टाकतो तो तुझ्या झेनमारूचा, हेमंत. सेल्फीतून कापून. सांगू नको यार कोणाला, मला पोरं जिवंत ठेवणार नाहीत."

हेमंतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कपाटात काय काय राहिलंय ते सांगून टाकलं. मामाला हे सगळं अनावश्यक वाटलं.

"म्हणजे तुला खऱ्याची गरज होती. तूच चोर."

"काका, मी चोरला असता तर मुठी सोडून गेलो असतो काय?" अनीशला आता राग आला. "खोका सोडला, स्टँड सोडला, तलवार सोडली! हे काय कलेक्टरचं काम आहे? ज्याला फिगर कशाशी खातात ते माहीत नाही, अशाच माणसाने नेलाय तो."

जिना उतरताना मामा म्हणाला, "पोरगं बरोबर बोललं. चोराला योद्धा नको होता. योद्धा हवा असता तर तलवार नेली असती. त्याला हवा होता एक माणूस, जो काहीतरी हातात धरेल. हेमंत, तलवारीशिवाय माणूस दोन्ही हातांत काय धरतो?"

"मोबाइल?"

"स्कूटरवर बस."

अनीशने दुकानाचा पत्ता दिला होता. कॅम्प दोनच्या बाजारात, एका अरुंद गल्लीत, हरेशभाईचं दुकान. अर्ध्या दुकानात खेळणी, अर्ध्यात लग्नाचं सामान: मुंडावळ्या, कट्यारी, आरशांची ताटं. हरेशभाई सिंधी, पण मराठी असं बोलायचा की गिऱ्हाइकाला दोन्ही भाषांत नाही म्हणता येऊ नये.

"निळे बालवाला पुतळा? साईं, माझ्याकडे कोणी विकायला नाही आला. पण गुड्डा शोधायला आली होती एक बाई. मंगळवारी. बोलली, असा गुड्डा दाखवा जो पाटावर मांडी घालून बसेल. मी सगळे काढले. एक पण बसेना. साला सगळ्यांचे पाय सीधे! तर बाई बोलली, राहू द्या, बसणारा आहे एक माझ्या नजरेत."

मामाचे कान उभे राहिले. "मग?"

"मग गुरुवारी परत आली. हातात दोरा, दोऱ्याला गाठ. बोलली, या मापाचा फेटा द्या. एवढूसा! आणि मुंडावळ्या, त्या पण एवढूशा. आणि फुलांचा हार, दोन्ही हातात धरता येईल असा. आणि चिकटवायचा गोंद, सगळ्यात कडक. आणि वरून सोनेरी चमकी पण घेतली."

मामाने हेमंतचा दंड धरला. "लग्न! कोणीतरी त्याला नवरदेव केलाय. हारासाठी धरायचे पंजे लागले. बसवायचा म्हणून वळणारे गुडघे लागले. हरेशभाई, कशी होती बाई?"

"चश्मेवाली. किमतीवरून भांडभांड भांडली. बोलली, कमी करा, माझे मिस्टर सिक्युरिटीत मोठे ऑफिसर होते, चोर त्यांना बघून थरथर कापायचे."

हेमंतने मामाकडे बघितलं. मामा आपल्या कोपराला चिकटलेलं राशिभविष्य वाचत होता. त्यात लिहिलं होतं, घरच्या व्यक्तीकडून सुखद धक्का.

५

येताना मामा स्कूटर अगदी हळू चालवत होता. एका सिग्नलला तो स्वतःशीच म्हणाला, "आणि हेमंत ओरडला नव्हताच. तो तर थिजून उभा होता. मीनाला तलवारीचं कळलं कसं? चावी काढून देणारी तीच!"

"हे तू आधी का नाही बोललास?"

"आधी ती माझी बहीण होती."

बी विंगच्या हॉलमध्ये अजून पेपर पसरलेले होते. सुनंदामामी सोफ्यावर बसून बोटांचा गोंद सोलत होती. बाजूला मीना. दोघींच्या मध्ये चकलीचा डबा.

मामाने आवाज खाली घेतला, गेटवर घ्यायचा तसा. "सुनंदा, गुरुवारी दुपारी देव्हाऱ्यातली चावी घेऊन…"

"हो, मीच नेला," मामी म्हणाली. "मग?"

मामाकडे अजून बरंच भाषण शिल्लक होतं. ते तसंच राहिलं.

"अगं पण का?" हेमंत ओरडला. या वेळी खरंच ओरडला.

"रुखवतासाठी. अख्ख्या अंबरनाथ-बदलापुरात माझ्यासारखं रुखवत करतं का कोणी? सगळ्या नवऱ्यामुली माझ्याकडे येतात. पण बाजारातले बाहुले बसत नाहीत रे, लाकडासारखे उभे. नवरदेव पाटावर बसायला नको? तूच दाखवलंस ना फराळाला, गुडघा असा वळतो, पंजा असा निघतो. चकली हातात दिलीस त्याच्या. मी तेव्हाच ठरवलं, हाच नवरदेव."

"मामी, तो हर्षदाचा आहे! कोणाच्या रुखवतात घातलास तू?"

मामीने मीनाकडे बघितलं. मीनाने चकली तोडली.

"हर्षदाच्याच," मीना म्हणाली. "तिच्या आईने, वृंदाताईंनी सांगितलं करायला. दिवाळीला फोनवर ठरलं आमचं. रुखवत मांडतात लग्नात, पण त्यांना कुठला धीर? म्हणाल्या, पोरीने रविवारी हो म्हटलं की लगेच समोर ठेवू, सरप्राइज. कालच घेऊन गेल्या. उद्या येणारच होता तुझा तो परत."

"तिने अजून हो म्हटलं नाहीये आई!"

"तिने नसेल म्हटलं. आम्ही म्हटलंय."

मामा खुर्चीत बसला. खुर्चीला गोंद होता. ते त्याला उठताना कळणार होतं.

"वृंदाताईंनी ते लपवून ठेवलंय ना नीट?" हेमंतने विचारलं. "हर्षदाला दिसलं नाही पाहिजे. मी आत्ता जातो, गुपचूप काढून आणतो, मुठी लावतो, कपाटात ठेवतो. तिला काही कळणार नाही. काही म्हणजे काही कळणार नाही."

फोन वाजला.

"हेमंत," हर्षदा म्हणाली, "झेनमारू कसाय?"

"म… मजेत."

"हो. दिसतंय मला. घरी ये. आत्ता."

६

संध्याकाळी सगळी वरात बदलापूरला पोचली. मामा खुर्चीतून सुटला होता, पण पँट बदलावी लागली होती.

टीपॉयवर रुखवत मांडलं होतं. कापसाची बैलगाडी, खोबऱ्याचं तुळशीवृंदावन, आणि मध्ये पाटावर झेनमारू. मांडी घालून, फेटा बांधून, दोन्ही हातांत हार. कपाळावरच्या कोल्ह्याला मुंडावळ्या लावल्या होत्या, त्यामुळे वऱ्हाडातला कोणीतरी वाटत होता. शेजारी सुती नवरी. तिला हर्षदासारखा चष्मा होता.

वृंदाताई कोपऱ्यात अपराधी चेहऱ्याने उभ्या होत्या. "पलंगाखाली होतं हो. तिची चप्पल तिकडे गेली."

हर्षदाचे वडील, शिवरामराव, सोफ्यावर बासुंदी खात होते. पाहुणे येणार म्हणून केलेली. भानगड काय आहे ते त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

"हरवला होता?" हर्षदाने विचारलं.

हेमंतने आईकडे बघितलं. मामीकडे बघितलं. दोघी छत बघत होत्या.

"हरवला होता," तो म्हणाला. "सकाळीच कळलं. मी तुला खोटं सांगितलं, मजेत आहे म्हणून. घाबरलो होतो. त्याच्यासाठी नाही, तू नाही म्हणशील म्हणून. आणि चावी देवामागे ठेवायचो. ते पण चुकलंच."

शिवरामरावांनी बासुंदीची दुसरी वाटी घेतली.

हर्षदाने पाटाकडे बघितलं. तिचं तोंड आधी वाकडं झालं आणि मग ती जी हसायला लागली ती थांबेचना.

"मी कधी त्याला खोक्याबाहेर पण काढला नाही," डोळे पुसत ती म्हणाली. "तुटेल म्हणून. सगळे सांधे वळणारी फिगर, आणि एकदाही गुडघा वळवला नाही मी. बिचारा पहिल्यांदा बसला असेल. मामी, फेटा काय भारी बांधलाय!"

"तो बांधलेला मिळतो," मामी लाजली. "मी फक्त चिकटवला."

"बरं, ऐक," हर्षदा हेमंतला म्हणाली. "माझं हो आहे. पण कपाटाची चावी माझ्याकडे राहील."

"चालेल!"

"आणि कपाटातले सगळे महिन्यातून एकदा खेळायला बाहेर काढायचे."

हेमंतने मनातल्या मनात सगळ्या फिगर मोजल्या. "चालेल."

वृंदाताईंनी डोळ्याला पदर लावला. मीना आणि मामीने एकमेकींना चकली भरवली. मामाने घसा साफ करून सांगितलं की केस आपणच सोडवली, आणि कोणीही त्याला अडवलं नाही.

"आता आधी त्याला मोकळा करू या," हर्षदाने हार धरला. हार निघेना. मग पंजे निघेनात. गुडघे सरळ होईनात. मामीने गोंदात कंजुषी केली नव्हती. सगळे सांधे वळणारा झेनमारू आता कुठेच वळत नव्हता.

"सरक, मी काढतो," हेमंत पुढे झाला. "इतकी वर्षं फिगर हाताळतोय मी. मान बॉलवर फिरते, तिथून सुरुवात करायची. हलक्या हाताने. हे बघ."

मान निघाली. डोकं फेट्यासकट उडून बासुंदीच्या वाटीत पडलं. हर्षदाने ते लगेच बाहेर काढलं, पुसलं. डोक्याला काही झालं नव्हतं. कपाळावरचा कोल्ह्याचा मुखवटा तेवढा नव्हता. तोवर शिवरामरावांनी वाटी संपवली होती.

साखरपुडा पुढच्या आठवड्यात ठरला. शिवरामरावांचा एक्सरे सोमवारी आहे.